मुलाच्या मनगटात ग्रोथ प्लेटला लागलंय, आता वाढ थांबेल का?

तुमचे प्रश्न तीन आहेत असं धरून लिहिते. मुलगा साडेबारा वर्षांचा, क्रिकेट खेळताना डाव्या हातावर पडला, एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले मनगटाजवळ ग्रोथ प्लेटला, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या चकतीला लागलंय, साल्टर हॅरिस टाइप २ आहे, म्हणजे त्या चकतीच्या फ्रॅक्चरचा दुसरा प्रकार, हाड बसवून प्लास्टर घातलं, तर आता हात आखूड राहील का आणि उंची थांबेल का. दुसरं, त्याची बहीण पंधराची, पाळी बाराव्या वर्षी आली, उंची १५२ सेंटिमीटर, अजून वाढेल का आणि उंचीची पावडर द्यायची का. तिसरं, कोचने वय तपासायची बोन टेस्ट करून घ्या म्हटलंय ती काय भानगड. मी लहान मुलांच्या हाडांचंच काम करते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, निवांत वाचा.

आधी भीती कमी करू. मनगट आणि उंची यांचा काडीचाही संबंध नाही. उंची ठरते पायाच्या हाडांवर आणि मणक्यांवर, हातातलं एखादं हाड वाढायचं थांबलं तरी माणूस बुटका होत नाही. हात थोडा आखूड किंवा वाकडा राहायची शक्यता असते पण तुमच्या मुलाला झालाय त्या प्रकारात ती कमी आहे, शंभरात पाचच्या आसपास मुलांना मनगटाच्या त्या टोकाची वाढ अडते, आणि वेळेत लक्षात आलं तर त्यावरही इलाज आहेत. त्यामुळे आज रात्री झोपा. पण वर्षभर लक्ष ठेवायचं आहे, प्लास्टर निघालं म्हणजे संपलं असं नाही, ते का ते सांगते.

माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बाबतीत मला दोन गोष्टी आधी कळायला लागतात. कुठल्या हाडाचं कुठलं टोक, आणि त्या टोकात अजून वाढ किती शिल्लक आहे. फ्रॅक्चर कसं दिसतं, किती सरकलंय हे सगळं त्यानंतर.

हाड मधून ताणलं जाऊन वाढत नाही, टोकांना वाढतं. हे लोकांना आजही पटत नाही, म्हणून तर पोरं बारला लटकून उंची वाढवायला बघतात. १७२७ मध्ये इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला दोन बारीक भोकं पाडून ठेवली आणि काही काळाने बघितलं तर हाड चांगलं लांबलं होतं पण दोन भोकांमधलं अंतर होतं तेवढंच. म्हणजे मधे काही वाढलं नाही, जे वाढलं ते भोकांच्या पलीकडे, टोकांकडे. नंतर त्याच शतकात जॉन हंटर या सर्जनने प्राण्यांच्या हाडात शिशाचे छर्रे बसवून तेच दाखवलं. तीनशे वर्षं होत आली या गोष्टीला आणि उंची वाढवणाऱ्या मशीनच्या जाहिराती अजून चालूच आहेत, असो.

आता टोकात नक्की काय असतं. बाळ पोटात असताना हाताच्या आणि पायाच्या लांब हाडांचा साचा आधी कूर्चेचा बनतो, कूर्चा म्हणजे कार्टिलेज, नाकाच्या शेंड्यात आणि कानात असतं ते मऊ लवचिक. साधारण आठव्या आठवड्यात त्या साच्याच्या मधोमध खरं हाड बनायला लागतं आणि ते दोन्ही टोकांकडे सरकत जातं. टोकं मात्र कूर्चेचीच राहतात. मग त्या टोकांमध्ये हाडाचं एक एक वेगळं केंद्र उगवतं, कुणाचं जन्माआधी, कुणाचं दुसऱ्या वर्षी, कुणाचं दहाव्या. मधलं हाड आणि टोकातलं हाड यांच्यामध्ये कूर्चेची जी पातळ चकती उरते ती ग्रोथ प्लेट. जेमतेम दोनेक मिलिमीटरची चकती, आणि मुलाची सगळी लांबी तिच्यातून निघते. एक्सरेत कूर्चा दिसत नाही म्हणून तिथे काळी फट दिसते, आणि आईवडील मोबाईलवर एक्सरेचा फोटो मोठा करून म्हणतात डॉक्टर इथे तर आरपार तुटलंय. नाही, ती फट दुसऱ्या चांगल्या हातातही आहे, असायलाच हवी. नसेल तर मला काळजी वाटते.

चकतीच्या आत पेशींची रचना फार सुंदर असते. टोकाच्या बाजूला थोड्या पेशी नुसत्या राखीव बसलेल्या असतात, २०१८-१९ च्या सुमारास उंदरांवरच्या कामातून दिसलं की त्यांच्यात स्टेम सेल आहेत, म्हणजे पुढच्या सगळ्या पेशींचा साठा तोच. त्यांच्या खाली पेशी भराभर विभागतात आणि पोळ्यांची चळत लावावी तशा एकीवर एक उभ्या रांगांत बसतात. त्याच्या खाली त्या फुगतात, मूळच्या कितीतरी पट मोठ्या होतात, आणि लांबीचा मोठा वाटा ह्या फुगण्यातूनच येतो, नुसत्या संख्या वाढण्यातून नाही. मग त्यांच्या भोवती कॅल्शियम साचतं, खालून रक्तवाहिन्या शिरतात आणि तिथे हाड बनतं. फुगलेल्या सगळ्या पेशी मरतात असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, आता दिसतंय की त्यातल्या काही मरत नाहीत, स्वतःच हाड बनवणाऱ्या पेशी होतात. व्हिटॅमिन डी कमी पडलं की गाडी ह्या कॅल्शियम साचायच्या पायरीवर अडते, फुगलेल्या पेशींचा ढीग नुसता साचत राहतो, मनगटं जाड दिसतात, पाय वाकतात, तोच मुडदूस. एक्सरेत चकती रुंद दिसते आणि हाडाची कड झिजलेल्या कपड्यासारखी विस्कटलेली.

हे एवढं खोलात का सांगितलं, तर तुमच्या मुलाचं भविष्य ह्याच थरांवर आहे. फुगलेल्या पेशींचा थर सगळ्यात कमजोर, कारण तिथे पेशी मोठ्या, त्यांच्या मधे आधार कमी आणि कॅल्शियम अजून पक्कं झालेलं नाही. त्यामुळे धक्का बसला की चकती बहुतेक वेळा तिथूनच सुटते. आणि विभागणाऱ्या पेशी त्याच्या वरच्या बाजूला, टोकाकडे, त्यांना रक्तही टोकाच्या बाजूने मिळतं, म्हणून टोक सरकलं तरी वाढणाऱ्या पेशी टोकाबरोबर शाबूत राहतात. टोरांटोच्या साल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ मध्ये ह्या फ्रॅक्चरचे पाच प्रकार पाडले ते ह्याच हिशेबाने. पहिल्या प्रकारात टोक चकतीतून सरळ सुटतं. दुसऱ्यात सुटताना मधल्या हाडाचा एक तिकोनी तुकडा बरोबर घेऊन जातं, तुमच्या मुलाचं हे, आणि चकतीच्या फ्रॅक्चरपैकी सगळ्यात जास्त हेच दिसतं. तिसऱ्या आणि चौथ्यात भेग वाढणाऱ्या पेशींचा थर आडवा कापून सांध्यात जाते, तिथे एका मिलिमीटरचाही फरक चालत नाही, बऱ्याचदा ऑपरेशन करून तंतोतंत जुळवावं लागतं, नाहीतर भेगेतून हाडाचा पूल तयार होतो आणि तेवढी जागा वाढायची थांबते. पाचवा म्हणजे चकती दाबून चिरडली गेलेली, तो पहिल्या दिवशी एक्सरेत दिसतच नाही, महिन्यांनी वाढ अडल्यावर मागे वळून कळतो. म्हणून टाइप २ असला तरी मी कुणालाच शंभर टक्के खात्री देत नाही, पडताना थोडं चिरडलंही गेलं असेल तर ते आज कळायला मार्ग नाही.

आता कुठलं टोक. प्रत्येक लांब हाडाला दोन टोकं पण दोन्ही सारखी वाढत नाहीत. दंडाच्या हाडाची ८० टक्के वाढ खांद्याकडून होते, कोपराकडून फक्त २०. मनगट ते कोपर जी दोन हाडं आहेत त्यांची पाऊण ते ऐंशी टक्के वाढ मनगटाकडून. मांडीच्या हाडाची ७० टक्के गुडघ्याकडून, खुब्याकडून ३०. नडगीचंही गुडघ्याकडचं टोक जास्त, ५५ टक्क्यांच्या पुढे. म्हणजे हातात वाढ कोपरापासून लांबच्या टोकांना आणि पायात गुडघ्याजवळ. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला हे वेगळ्या वाटेने पाठ करून घेतात, हाडात शिरणारी मुख्य रक्तवाहिनी हातात कोपराकडे तिरकी जाते आणि पायात गुडघ्यापासून पळते, आणि ती ज्या टोकाकडे पाठ करून असते ते वाढणारं टोक. ह्या वाढणाऱ्या टोकातलं केंद्र बहुतेक हाडांत आधी उगवतं आणि सगळ्यात शेवटी जुळतं. फिब्युला, म्हणजे पोटरीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, हा नियम मोडतं आणि गेली कित्येक दशकं व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तेवढाच एक प्रश्न हमखास विचारला जातोय.

ह्याचा तुमच्या मुलाला फायदा पण आहे आणि तोटा पण. फायदा हा की जिथे वाढ जास्त तिथे वाकडं हाड स्वतःहून सरळही जास्त होतं. मनगटाजवळ थोडा कोन राहिला, मनगट पुढेमागे हलतं त्याच दिशेचा, आणि वाढीची दोन वर्षं हातात असली की शरीर तो कोन बऱ्यापैकी भरून काढतं, दोन वर्षांनी एक्सरे बघून कुठला हात मोडला होता ते ओळखू येत नाही. पीळ पडला असेल तर मात्र तो सुटत नाही. साडेबाराचा मुलगा म्हणजे अजून साधारण चार वर्षं वाढ आहे, आवाज फुटला नसेल तर मोठी उडी अजून यायचीच आहे. तोटा असा की तेच टोक अडलं तर नुकसानही तिथेच जास्त, कारण शेजारचं दुसरं हाड वाढत राहतं, मनगटात करंगळीच्या बाजूला पुढे येतं आणि मनगट एका बाजूला कलून दुखायला लागतं. त्यामुळे कुणी म्हणालं की पोराचं हाड आहे आपोआप भरेल तर अर्धंच खरं समजा.

हाड भरायला चार-सहा आठवडे लागतील. पहिल्या आठवड्यात एक एक्सरे प्लास्टरमध्येच काढतात, हाड सरकलं नाही ना ते बघायला. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, सात-दहा दिवस उलटून गेल्यावर थोडं सरकलेलं दिसलं तर चकतीचं फ्रॅक्चर पुन्हा ओढून बसवायचं नाही. तोपर्यंत जुळायला सुरुवात झालेली असते आणि जोर लावला की चांगल्या पेशीच फाटतात. तुमचे डॉक्टर म्हणाले राहू द्या, वाढीत सुधारेल, तर ते टाळाटाळ करत नाहीयेत. घरच्यांना हे फार जड जातं, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन ओढून घेतात.

मालिशचं तुम्ही विचारलंय, शेजारच्या काकूंनी हाडवैद्याचं नाव दिलंय म्हणे. मनगट आणि विशेषतः कोपर यांना लागल्यावर पहिल्या आठवड्यांत तेल लावून चोळणं मला बिलकुल मान्य नाही. कोपराभोवती चोळल्याने स्नायूत हाड तयार होतं आणि कोपर कायमचं आखडतं, अशी मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात. आणि बांबूच्या पट्ट्या लावून घट्ट बांधलेला हात तर त्याहून वाईट, बोटं सुजली, निळी किंवा पांढरी पडली, बोटं सरळ करताना मूल किंचाळलं तर ती रात्र काढायची नाही, लगेच सोडायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. हे प्लास्टरलाही लागू आहे, माझ्या प्लास्टरलाही.

मग वर्षभर लक्ष म्हणजे काय. साधारण सहा महिन्यांनी दोन्ही मनगटांचा एक्सरे, आणि वर्षाने पुन्हा एकदा. डॉक्टरांनी नाही सांगितलं तर तुम्ही आठवण करा. त्यात आम्ही एक बारीक पांढरी आडवी रेष शोधतो. दुखापतीच्या काळात वाढ काही दिवस मंदावते तेव्हा तिथे दाट हाड साचतं, आणि वाढ परत सुरू झाली की ती रेष चकतीपासून दूर सरकत जाते. हिला हॅरिस लाइन म्हणतात, हा हॅरिस वेगळा, वर्गीकरणवाला नव्हे. ती रेष चकतीला समांतर आणि थोडी लांब गेलेली दिसली तर वाढ नीट चालू आहे, पेढे वाटा. रेष तिरकी असेल, एका बाजूला चकतीला चिकटलेली, तर त्या बाजूला पूल झालाय. मग एमआरआय किंवा सीटी करून पूल केवढा आहे ते मोजतो. चकतीच्या निम्म्याहून कमी असेल आणि वाढीची दोन वर्षं तरी शिल्लक असतील तर तो पूल कोरून काढून तिथे चरबी भरता येते म्हणजे हाड परत जुळत नाही, फिनलंडच्या लांगेनशोल्ड यांनी साठच्या दशकात हे दाखवलं. पूल मोठा असेल किंवा वाढ संपत आली असेल तर शेजारच्या हाडाची चकती मुद्दाम बंद करतो म्हणजे दोन्ही हाडं एकत्र थांबतात. आई म्हणते अहो एक बंद पडलं म्हणून दुसरं पण बंद करताय, पण मनगट सरळ राहायला तोच सोपा मार्ग असतो.

मनगटाचं एवढं. पण हेच फ्रॅक्चर गुडघ्याच्या वर, मांडीच्या खालच्या टोकाला झालं असतं तर मी हे उत्तर फार वेगळ्या सुरात लिहिलं असतं. तिथली चकती सपाट नसते, खालीवर खाचखळग्यांची असते, तुटायला जोर फार लागतो आणि तुटताना उंचवटे घासले जातात. टाइप २ असला तरी निम्म्याच्या आसपास मुलांत तिथे वाढीत काहीतरी बिघाड होतो. आणि ते टोक वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर देतं, नडगीचं वरचं टोक सहा मिलिमीटर, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाचं मांडीचं टोक पूर्ण बंद पडलं तर सोळाव्या वर्षापर्यंत पाय सहाएक सेंटिमीटर आखूड. पंधरा वर्षांच्या मुलाचं तेच झालं तर सेंटिमीटरभराचा फरक, ज्यासाठी कुणी ऑपरेशन करणार नाही. एक्सरे दोघांचा सारखाच असतो.

कोपराबद्दलही इथेच लिहून ठेवते कारण चुका तिथे जास्त होतात. कोपरात सहा केंद्रं आहेत आणि ती साधारण एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा अशा वर्षांना एकामागोमाग उगवतात, मुलींत थोडी आधी. हा क्रम ठाऊक नसेल तर कोपराचा एक्सरे वाचता येत नाही. उदाहरणार्थ आतल्या बाजूचं टेंगूळ पाचव्या वर्षी यायला हवं आणि त्याच्या शेजारचं सातव्या, तर एखाद्या नऊ वर्षांच्या मुलात शेजारचं दिसतंय आणि टेंगूळ जागेवर नाही, तर ते आलंच नाही असं नसतं, ते तुटून सांध्यात अडकलेलं असतं. आणि बाहेरच्या बाजूचं फ्रॅक्चर, पाच-सहा वर्षांच्या मुलात, एक्सरेत नखाएवढा कपचा दिसतो पण प्रत्यक्षात कूर्चेचा मोठा तुकडा सुटलेला असतो जो एक्सरेत येतच नाही. किरकोळ म्हणून सोडून दिलं की जुळत नाही, कोपर बाहेर वळत जातं आणि वीस-पंचवीस वर्षांनी करंगळीला मुंग्या घेऊन माणूस येतो. म्हणून कोपराचा एक्सरे नेहमी दोन्ही हातांचा मागा, संकोच करू नका.

आणि एक, ह्याचा फ्रॅक्चरशी संबंध नाही पण टोकाशी आहे. अकरा ते पंधरा वयाचा, वजनदार मुलगा, गुडघा दुखतो म्हणून लंगडतो, गुडघ्याचा एक्सरे नॉर्मल, मग गोळ्या आणि निकॅप. अशा वेळी खुब्याचा एक्सरे काढलाच पाहिजे. वाढीच्या त्या उसळीत खुब्याची चकती कमजोर असते आणि मांडीच्या हाडाचं गोल टोक तिच्यावरून हळूहळू मागे घसरतं, दुखतं मात्र गुडघ्यात कारण नस तीच. त्या मुलाचा पाय बाहेर वळलेला असतो. लवकर पकडलं तर एका स्क्रूवर भागतं, घसरून पूर्ण सुटलं तर त्या टोकाचं रक्त तुटायची भीती. गुडघ्याखालचं टेंगूळ खेळणाऱ्या मुलांत दुखतं ते वेगळं, ते त्रासदायक पण निरुपद्रवी, खेळ कमी केला की बसतं. पण एकाच जागी, रोज रात्री उठवणारं दुखणं आणि सूज असेल, खास करून गुडघ्याभोवती किंवा खांद्याजवळ, तर ते वाढीचं दुखणं म्हणून सोडू नका, हाडाचा कॅन्सर ह्या वयात नेमका ह्याच जास्त वाढणाऱ्या टोकांना होतो. दुर्मीळ आहे, पण एक एक्सरे काढायला काय जातं.

आता मुलीकडे. पाळी येऊन तीन वर्षं झाली म्हणता, म्हणजे खरं उत्तर असं की फार झालं तर सेंटिमीटरभर. पाळी आल्यानंतर मुलींना साधारण पाच ते सात सेंटिमीटर मिळतात आणि त्यातले बहुतेक पहिल्या दोन वर्षांत. चकती बंद करणारं हार्मोन म्हणजे इस्ट्रोजेन, मुलींमध्ये आणि गंमत म्हणजे मुलांमध्येही. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या माणसाची केस छापून आली, त्याच्या शरीरात इस्ट्रोजेन होतं पण ते घेणारा रिसेप्टर जन्मतः बिघडलेला, टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, अगदी व्यवस्थित. उंची २०४ सेंटिमीटर, हाडाचं वय पंधराचं आणि चकत्या उघड्या, म्हणजे अजून वाढतच होता. तोपर्यंत सगळ्यांची समजूत होती की मुलांच्या चकत्या पुरुषी हार्मोननेच बंद होतात. मुलगे जास्त उंच होतात त्याचं एक मोठं कारण एवढंच की ते दोन वर्षं उशिरा वयात येतात, लहानपणाची दोन वर्षं त्यांना जास्त मिळतात.

त्यामुळे पावडर, गोळ्या, लटकणं, बुटातले सोल, ह्यातलं काहीही बंद झालेली चकती उघडत नाही आणि उघड्या चकतीला पोटभर जेवण मिळत असेल तर पावडरची गरज नसते. त्या डब्यात मुख्यतः साखर आणि दुधाची पावडर असते, त्या पैशात अंडी आणि शेंगदाणे येतात. १५२ ही आपल्याकडच्या बाईची सरासरीच्या जवळपासची उंची आहे, त्यात आजार काही नाही. तुमची दोघांची उंची मिळवा, दोनाने भागा, मुलीसाठी त्यातून साडेसहा वजा करा, जे येईल त्याच्या आसपास ती असेल तर विषय बंद. तपासणीची खरी वेळ आधीची असते. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच सेंटिमीटरच्या आसपास वाढायला हवं, चारच्या खाली जात असेल तर तेव्हा डॉक्टरकडे जायचं, थायरॉइड, ग्रोथ हार्मोन, सिलिअॅक म्हणजे गव्हामुळे होणारा आतड्याचा आजार, हे सगळं चकत्या उघड्या असतानाच सुधारता येतं. पुण्यातल्या डॉ. वामन खाडिलकरांच्या पुढाकाराने केलेले आयएपीचे, म्हणजे बालरोगतज्ज्ञांच्या देशभरच्या संघटनेचे, २०१५ चे उंची-वजनाचे तक्ते बालरोगतज्ज्ञांकडे असतात, धाकटी भाचरं वगैरे असतील तर त्यावर दर सहा महिन्यांनी टिंब मांडायला सांगा.

मुलाला जिम चालेल का हेही तुम्ही मधेच विचारलंय. हात बरा झाल्यावर, शिकवणारा डोळ्यासमोर असेल आणि वजन बेताचं असेल तर चालेल, व्यायामाने उंची खुंटते ही अफवाच आहे. स्टेरॉइडची इंजेक्शनं मात्र चकत्या वेळेआधी बंद करतात आणि आता ती शाळकरी पोरांपर्यंत पोचली आहेत, तिथे डोळे उघडे ठेवा.

राहिली बोन टेस्ट. मनगट आणि हाताच्या एक्सरेत इतकी केंद्रं एकत्र दिसतात की त्यावरून हाडाचं वय काढता येतं. त्यासाठी एक्सरे ज्याच्याशी ताडून बघतात असा सगळ्यात जुना वापरातला अॅटलस ग्रॉयलिख आणि पाइल यांचा, तो १९३०-४० च्या दशकांत अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सुखवस्तू गोऱ्या मुलांवरून बनलेला, त्यामुळे आपल्या मुलांना जसाच्या तसा लावताना सांभाळून. बीसीसीआय सोळाखालच्या मुलांसाठी टीडब्ल्यू थ्री ही गुण मोजायची पद्धत वापरते. फिफा २००९ पासून सतराखालच्या वर्ल्डकपसाठी मनगटाचा एमआरआय करते आणि तिथे चकती पूर्ण जुळलेली दिसली तर खेळाडू बाद. पण हाडाचं वय आणि जन्मतारीख ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेराच्या दोन निरोगी मुलांत हाडाच्या वयाचा दोन वर्षांचा फरक सहज असू शकतो, एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसरा अजून पोरसवदा. सुप्रीम कोर्टानेही १९८२ मध्येच म्हटलंय की अशा टेस्टमध्ये दोन वर्षं इकडे किंवा तिकडे धरावीत, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्यात शाळेचा किंवा नगरपालिकेचा दाखला नसेल तरच ही टेस्ट, असा क्रम आहे. खेळाच्या संघटना स्वतःच्या नियमाने चालतात. तुमचा मुलगा खरंच साडेबाराचा असेल आणि लवकर वयात येत असेल तर टेस्टमध्ये चौदाचा निघू शकतो, त्याचा अर्थ तुम्ही खोटा दाखला दिला असा होत नाही.

आणि ही टेस्ट प्रथेने डाव्या हाताची होते, तुमच्या मुलाचा डावाच मोडलाय. फ्रॅक्चरनंतर काही महिने त्या मनगटात रक्तपुरवठा वाढलेला असतो, चकतीची कड बदललेली असते, आणि गुण मोजताना मनगटाच्या त्याच टोकाला वजन जास्त असतं. तर टेस्ट घेणाऱ्यांना आधी लेखी कळवा, फ्रॅक्चरचे एक्सरे आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या आणि उजव्या हाताची करता येईल का विचारा, दोन हातांत हाडाच्या वयाचा फरक नगण्य असतो. नाही म्हणाले तर सहा महिन्यांचा एक्सरे होईपर्यंत थांबायची परवानगी मागा. तो दोन्ही मनगटांचा काढायचाच आहे, त्यावर दोन्ही कामं होतील.